जोडी नसलेला मोजा

फोटो नाहीत, सिरान. मागू नकोस.
कॅमेरा होता तो गेघामकडे, आणि गेघाम
क्रास्नोदारला ट्रक चालवतो म्हणे, किंवा आता चालवत नाही.
तुझ्या प्रबंधात लिही : प्रकाशयोजना, हम्बार्त्सुम. म्हणजे मी.
खाली बारीक अक्षरात टाक हवं तर,
की निम्मी वर्षं गावात वीजच नव्हती.

नाव कुठून आलं?
लेनिनाकानच्या मोजे-कारखान्याचा क्लब, साल त्र्याऐंशी.
जोडी हुकलेले मोजे टोपलीत पडायचे.
अरुस्याकनं त्यातला एक हातात चढवला, म्हणाली,
हा आपला पहिला नट.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसत सुटले.

पहिला प्रयोग. संवाद शून्य.
चाळीस मिनिटं वार्दगेस सूत उलगडत फिरला
खुर्च्यांच्या पायांतून, बायकांच्या पर्सच्या बंदांतून,
बंदी घालायला आलेल्या साहेबाच्या गुडघ्यांभोवतीही.
शेवटी कात्री मागवावी लागली.
साहेबानं अहवाल दिला :
विषय, उत्पादनवाढ. आक्षेपार्ह काही नाही.
भला होता की नुसता घाबरलेला
यावर आम्ही पाच वर्षं भांडलो.

पाचच.
अठ्ठ्याऐंशीचा डिसेंबर तुला शाळेत शिकवला असेल.
अकरा एकेचाळीस.
मी दिव्याची काच आणायला बाहेर पडलो होतो.
काच शाबूत राहिली. क्लब नाही.
याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, तूही लावू नकोस.
नाझेली आत होती. तालमीला सगळ्यांच्या आधी यायची खोड.
तिच्यावर वेगळं प्रकरण नको.
ती म्हणायची, रडू आलं की मी प्रेक्षकांकडे पाठ करते.

बाविसाव्या दिवशी वार्दगेसनं खडू घेतला
आणि ढिगारा हलवलेल्या डांबरावर आपलं घर काढलं.
चौथा मजला, जमिनीवर.
हा ओटा. इथं सायकल. इथं बायको शिवायला बसायची.
दाराच्या रेघेपाशी उभा राहून म्हणाला,
या. पण बूट काढून.
थंडी अशी की थुंकी खाली पडायच्या आत गोठावी.
लोकांनी बूट काढले.
एका म्हातारीचा पाय भिंतीवर पडला,
तर पाच-सहाजण ओरडले, अहो, दारातून!
दुसऱ्या दिवशी तीच खडू मागत आली.
संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली काढून झाली होती
आणि भांडणंही सुरू : तुझं न्हाणीघर माझ्यात घुसलंय.
याला प्रयोग म्हणायचं का, ते तुझं तू ठरव.
रात्री बर्फ पडला.

मग डबा. रेल्वेचा मालडबा,
त्याला आम्ही दोमिक म्हणायचो, घरकुल, लाडानं.
ब्याण्णव, त्र्याण्णव. तिकीट : एक लाकूड.
शेगडी जळेल तोवर नाटक.
ओलं लाकूड आणणाऱ्याला शेगडीला लागून बसवायचो, खा धूर.
माझ्याकडे एक मेणबत्ती.
ती ज्याच्या तोंडाशी नेईन तो नायक,
त्यामुळे सगळे माझ्याशी फार गोड वागायचे.
एकदा मी ती मुद्दाम विझवली.
अकरा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही.
ती माझी सर्वोत्तम प्रकाशयोजना. हे लिही.

फूट नाही पडली आमच्यात, कुणी विचारलं तर सांग.
फक्त एकेकाचं विमान लागत गेलं.
अरुस्याक ग्लेंडेलला म्हाताऱ्यांना भरवते.
फोनवर बोलताना हातात मोजा असतो तिच्या,
असं मला वाटतं. दिसत नाही.
वार्दगेस इथंच. फरश्यांचं दुकान.
लोकांच्या खोल्या मोजायला जातो, खडू कानावर.

एकूण प्रयोग किती?
एकशे बारा लिही. कागदाला आकडा लागतो.
खरा आकडा तो साहेबच सांगू शकला असता,
अहवालवाला.
एकही चुकवला नाही त्यानं, डब्यातलेसुद्धा.
काखेत लाकूड धरून यायचा, दरवेळी ओलं,
आणि न सांगता शेगडीपाशी जाऊन बसायचा.

नाव?
अगं, नाव कुणी विचारलंच नाही.